यावलचा हवाबदल

मला एका जागी बसवत नाही. हे लिहायला बसले, तर एकदा उठून खिडकी लावली आणि दुसऱ्यांदा उठून उघडली. आमच्या ह्यांचा दम वाढल्यापासून माझं असं झालंय. श्वास त्यांचा, पण कान माझे तिकडे. जरा शिट्टीसारखा आवाज आला, की मी उठून बघून येते.

भुसावळला आमच्या गच्चीवर सकाळी बोट फिरवा, बोट करडं होतं. कोळशाच्या मालगाड्या, वीजकेंद्रातल्या राखेचे ट्रक, कधीच न संपणारं रस्त्याचं काम आणि कोपऱ्यावर रोज पेटवलेला कचरा. कोणाकोणाच्या नावानं बोटं मोडायची? मी पदर खोचून धुळीच्या मागे लागले. फरशी पूस, पडदे धू, पापड गच्चीवर नको, घरात पंख्याखाली घाल. हे खुर्चीतून चिडवायचे, की घर पुसून पुसून झिजेल एक दिवस. सगळी नोकरी रेल्वेत काढली, बिडीला कधी हात लावला नाही, आणि आता हा माणूस जिन्यात मध्येच थांबतो आणि शेजाऱ्यांच्या कुंड्या बघायचं नाटक करतो. ह्यांना कुंड्यांतलं काय कळतं, कपाळ! तुळस कोणती नि कढीपत्ता कोणता, ते मला विचारतात.

दिवाळीनंतर डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. फुप्फुसं थकलीत, थंडीत हवा जड होऊन खालीच राहते, तेव्हा हा हिवाळा जपा. अजून एक मोठा झटका आला तर भरवसा देता येणार नाही. मी म्हटलं, जपतेच आहे, दिवसातून चारदा पुसते. तर म्हणाले, तुम्ही पुसता ती जाडी धूळ, ती बरीचशी नाकातच अडते. जी डोळ्यांना दिसत नाही ती फुप्फुसाच्या तळाशी जाते, तिथून रक्तात, आणि हृदयालाही सोडत नाही. मला असा राग आला! न दिसणारी धूळ मी कोणत्या फडक्यानं पुसू?

तेवढ्यात माझ्या नणंदेचा फोन आला. ह्यांची थोरली बहीण, सगळे त्यांना अक्काच म्हणतात. यावलजवळ त्यांचं शेत, चहूकडे केळीच्या बागा, मागे सातपुडा. अक्का म्हणाल्या, भाऊले घेऊन या इकडे, इथी कुठी राख हाये? मला देवच पावला. दोन पिशव्या भरल्या, ह्यांचा श्वासाचा पंप घेतला, औषधं घेतली आणि एसटीत बसलो.

आणि खरंच फरक पडला हो. हे बांधावरून फिरायला लागले, भाकरी मागून खायला लागले. अक्कांचा खोकला तेवढा मधूनमधून ऐकू यायचा, पण तो वर्षानुवर्षांचा, घरातल्या घड्याळासारखा. त्याच्याकडे कोणाचं लक्ष नसायचं. मी कितीतरी दिवसांनी रात्री सलग झोपले.

मग अक्कांच्या मनात आलं, भाऊ आलाय, बरा झालाय, भरीत झालंच पाहिजे. आमच्याकडे हिवाळ्यात पाहुणा आला आणि भरीत झालं नाही, तर तो पाहुणचार कसला? वेचणी झालेल्या कपाशीच्या वाळक्या काड्या, म्हणजे पऱ्हाट्या, खळ्यात रचल्या, हिरवी लांबोडकी वांगी तेल लावून तयार ठेवली. गॅसवर भाजलेल्या वांग्याला इथे कोणी भरीत म्हणत नाही. आणि वांगी उलटायचा मान आमच्या घरात कायम ह्यांचा. दुसऱ्याच्या हातून एक तर कच्ची राहतात, नाहीतर कोळसा होतात.

मी म्हटलं, तुम्ही लांब बसा, दुसरं कोणी करेल.

"अगं, हा काय राखेचा धूर आहे?" हे म्हणाले. "हा आपला धूर."

मला ते पटलं, हेच तर दुःख आहे. त्या वासानं माझ्याही तोंडाला पाणी सुटलं होतं. पऱ्हाट्या भडकल्या, वांग्याची सालं तडतडली, धूर वाऱ्यानं ह्यांच्याच अंगावर वळला, आणि हे डोळे पुसत, हसत वांगी फिरवत राहिले. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या, कांद्याची पात, मिरच्यांचा ठेचा, सगळं ताटात वाढून झालं. ह्यांनी पहिला घास घेतला आणि तो गिळवेचना. छाती भात्यासारखी वरखाली व्हायला लागली, ओठ निळसर पडले. पंप दिला, परत दिला, काही उपयोग नाही. शेजारच्यांच्या गाडीत घालून यावलला दवाखान्यात नेलं. वाटेत मी ह्यांचा हात इतका घट्ट धरला होता की माझीच बोटं बधिर झाली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. मास्क लावला, वाफ सुरू केली, इंजेक्शन दिलं. हळूहळू ओठांचा रंग परतला, आणि मी भिंतीला टेकून ढसाढसा रडले. बाई शांतपणे म्हणाल्या, पऱ्हाटीच्या धुरात तीच न दिसणारी धूळ असते. आपला धूर, परका धूर, असं फुप्फुसाला कळत नाही.

अक्का दाराशी उभ्या राहून खोकत होत्या. बाईंनी त्यांनाही बसवलं, पाठीला नळी लावली, बोटाला चिमटा लावला. नळी इकडे सरकवली, तिकडे सरकवली, पुन्हा ऐकलं. बिडी ओढता का? छे. चूल? अक्का म्हणाल्या, गॅस आहे की, चहापुरता. भाकरी चुलीवरच, गॅसवरची आमच्या मालकांच्या घशाखाली उतरत नाही. बाई म्हणाल्या, तुमच्या भावापेक्षा तुमची छाती जास्त खराब आहे. चूल बंद करा, आणि हा हिवाळा धुरापासून लांब कुठेतरी काढा.

अक्कांनी खिडकीबाहेर पाहिलं. संध्याकाळ झाली होती, घराघरातून धूर वर चढत होता.

"मंग मी कुठी जाऊ हवा बदलाले?"

"आमच्याकडे या ना, भुसावळला," मी म्हणून गेले. माहेरवाशिणीला म्हणतात तसं, पटकन.

मास्कच्या वरून ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. आपण काय बोलून बसलो ते मला तेव्हा कळलं. पण अक्कांचा चेहरा केव्हाच खुलला होता. लुगडी किती घेऊ, असं त्या मला विचारत होत्या.