वरचा तांब्या

बाथरूमच्या बंद दाराबाहेर मी उभी होते. आतून प्लास्टिकचा मग बादलीत बुडल्याचा आवाज आला. पाठोपाठ अंगावरून फरशीवर पाणी पडल्याचा. पुन्हा मग, पुन्हा पाणी. मी दाराला कान लावून उभी आणि तोंडभर हसू. अक्का आत एकट्या आंघोळ करत होत्या. डाव्या अंगावरून वारं गेल्यापासून पहिल्यांदाच, कुणाचा हात न लागता.

हे त्यांना मी शिकवलं होतं. माझं कामच ते. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. हा शब्द लोकांना माहीत नसतो, म्हणून सोपं करून सांगते. आजारानं नाहीतर अपघातानं माणसाच्या हातून रोजची कामं सुटतात. जेवणं, कपडे घालणं, संडासला जाणं, आंघोळ. ती परत त्याच्या हातात आणून द्यायची. बंगळुरूत मी घरोघर जाऊन हे करते.

दार उघडलं. भिंतीला ठोकलेला दांडा धरून अक्का बाहेर आल्या. केसांतून पाणी गळत होतं. मी टाळ्या वाजवायच्या बेतात. अक्का खुर्चीत टेकल्या, दम खाल्ला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या,

"सरी. आता बरं झालं. तू गेलीस की माझी मी आंघोळ करीन. तुझा हात लागल्यावर मला तसंच बसवत नाही. सुनेच्या किती विनवण्या करायच्या?"

रागानं नाही हं. भाजीवालीला उद्या कोथिंबीर आण म्हणावं, तशा म्हणाल्या.

सून तिथेच जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसली होती. महादेवपुऱ्यातल्या कंपनीत कामाला, पुण्याची, घरूनच काम चालायचं. तिनं एका कानावरचा हेडफोन सरकवला.

"मनावर घेऊ नका हं. आम्ही नाही मानत असलं काही. पण अक्कांचं जुनं वळण. आणि तुम्ही तर प्रोफेशनल आहात."

मी पिशवी उचलली. चप्पल घातली. दारातून म्हणाले, "येते."

येते! एवढं ऐकून घेतल्यावर वर येते म्हणणारी मी. जिना उतरताना मलाच माझी शिसारी आली.

आता पहिल्यापासून सांगते.

हे बंगळुरूतलं जुनं मराठी घर. पिढ्यान्‌पिढ्या इथेच, कापडाचं दुकान. बोलणं मराठी, मधेमधे कन्नड: ठीकला 'सरी', थोडंला 'स्वल्प'. अक्कांना मराठी बोलणारीच हवी म्हणून आमच्या क्लिनिकमधून मला पाठवलं. पहिल्या दिवशी अक्का काय खूश! "आपल्या भाषेची पोरगी आली गं बाई! स्वल्प बस, कॉफी घे." मी वर्धेकडची. इथे येऊन मराठीला मीही आसुसलेली. मला वाटलं, चला बाप्पा, या परमुलखात एक घर तरी भेटलं.

आमच्या कामात पहिल्या दिवशी पेशंटला विचारतात, सगळ्यात आधी तुम्हाला काय स्वतःचं स्वतः करायचंय? अक्कांनी क्षणभरही विचार केला नाही. "निऱ्या. माझ्या साडीच्या निऱ्या मला घालता आल्या पाहिजेत. या गाऊनमध्ये मी मेल्यासारखी दिसते." आम्ही दोघी हसलो.

निऱ्यांना दोन हात लागतात. अक्कांचा डावा हात म्हणजे आवळलेली मूठ. ती रोज उघडायची. ओढून नाही उघडत. आधी मनगट खाली वाकवायचं, मग अंगठा हळूच बाहेर, मग एकेक बोट. दुखतं. अक्का कळवळायच्या, मी त्यांच्याशी बोलत राहायचे. पहिल्यांदा मूठ उघडली तेव्हा आत मळ साचला होता, नखं रुतून तळव्याला जखमा झाल्या होत्या, वास येत होता. घरच्या कुणी ती मूठ उघडायचं धाडस केलं नव्हतं. मी कोमट पाण्यानं तो मळ काढला. नखं कापली. औषध लावलं. रोज लावलं. तो मळ मला चालला.

मग एक दिवस सुनेनं सहज विचारलं, "तुमचं आडनाव काय हो? आपल्याकडच्याच ना?"

मी सांगितलं.

"अच्छा," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "अच्छा, नागपूर साइडच्या ना तुम्ही." आणि लॅपटॉपमध्ये बघायला लागली. अक्कांना काही एवढं आवरतं घेता येत नाही. त्यांनी सरळ विचारलं, "म्हणजे कोणातले गं तुम्ही?" मी तेही सांगितलं. लपवायचं काय त्यात? अक्का म्हणाल्या, "सरी, सरी." एवढंच.

तोवर मी जायचे तेव्हा अक्का न्हाऊन-माखून बसलेल्या असायच्या. दुसऱ्या दिवशी गेले तर केस कोरडे, गाऊन कालचाच. आणि माझा व्यायाम संपत आला की सून उठून बाथरूमबाहेरचं गीझरचं बटण दाबायची. खट्‌. लाल दिवा लागायचा. मी स्वतःला सांगितलं, व्यायामानं घाम येत असेल. मग सांगितलं, सुनेची ऑफिसची वेळ बदलली असेल. किती कारणं शोधते माणूस! एकेक कारण शोधून मी स्वतःच अक्कांची वकिली करत होते.

रोज ऑफिसच्या गडबडीत सासूला आंघोळ घालायची म्हणून सून वैतागली. आदळआपट सुरू झाली. तेव्हा अक्का मला म्हणाल्या, "निऱ्या राहू देत. आधी आंघोळ शिकव." मला वाटलं, सुनेवर ओझं नको म्हणून म्हणतात. मी कामाला लागले. दांडा कुठे ठोकायचा ते मी दाखवलं. पाय न घसरणारी खुर्ची मी हुडकून आणली. उजव्या हातापर्यंत डावा पोचत नाही, तर उजवा हात घासायचा कसा? मी लांब टॉवेलला दोन्हीकडून फास शिवले. रात्री खोलीवर बसून शिवले मी ते.

आणि कशासाठी शिकवलं? मी लावलेला हात धुऊन टाकता यावा यासाठी.

त्या दिवशी तिथून निघाल्यावर स्कूटर के. आर. पुरमच्या पुलाखाली ट्रॅफिकमध्ये अडकली आणि माझ्या डोक्यात आई आली.

माझी आई बाळंतिणीचं करायची. आमच्या वस्तीतल्या बायांनीच ते करायचं, अशी गावची रीत. तेल लावायचं, बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालायचं. आईच्या हातात काय होतं कुणास ठाऊक, रडणारं पोर तिच्या पायांवर गप व्हायचं. लहानपणी मी तिच्यासोबत जायचे. परसदारातून जायचं, परसदारातून यायचं. आई बाळाला न्हाऊ घालून पुसायला घ्यायची, तेवढ्यात घरातली जाणती बाई तांब्या घेऊन यायची आणि बाळावर वरून आणखी एक तांब्या पाणी ओतायची. वरचा तांब्या. मग बाळ टॉवेलात घेऊन आत निघून जायची. आई ओल्या पायांनी तिथेच बसलेली.

मी विचारलं होतं, "तू तर चांगलं धुतलं ना? मंग काहून?"

आई म्हणाली, "पद्धत असते तशी. चाल."

बारावीनंतर मी हा कोर्स घेते म्हटलं तर आईनं आकाशपाताळ एक केलं. मी कुठे हौसेनं धरलं होतं ते डोक्यात? माझ्या मामाचा हात कापसाच्या जिनिंगच्या मशीनमध्ये गेला होता. सरकारी दवाखान्यातल्या एका बाईनं त्याला उरलेल्या बोटांनी शर्टाचं बटण लावायला शिकवलं. बटण लागलं आणि मामा हसला. पार लहान पोरासारखा हसला. मी तिथेच ठरवलं, आपल्याला हे करायचं. आई म्हणाली, "लोकायच्या अंगाले हात लावाचं काम तुह्या हातून सुटाव म्हून शिकवलं तुले. तू पुन्हा तेच धरतं?" मी म्हटलं, "आई, हे डिग्रीचं काम आहे. नाव घेऊन बोलावतात. खुर्ची देतात बसायला."

आई म्हणाली, "खुर्ची देतीन वं माय. तू उठली का पुसून घेतीन."

तेव्हा मला आईचा राग आला होता. तिला जग माहीत नाही, असं वाटलं होतं.

खोलीवर पोचले. माझ्यासोबत राहणारी मैत्रीण एका कंपनीत दवाखान्यांची कागदपत्रं कॉम्प्युटरवर भरायचं काम करते. ती म्हणाली, "सोड ना हे. आमच्याकडे जागा आहे. एसीत बस. कुणाच्या अंगाला हात लावायला नको, कुणाचं ऐकायला नको." मी अर्ज भरायलाही बसले. खोटं कशाला सांगू? वाटलं, आई जिंकली, मी हरले, विषय संपला.

आईला फोन केला. सगळं सांगितलं. वाटलं, म्हणेल, सांगितलं होतं ना मी. तिनं आधी जेवली का ते विचारलं. मग म्हणाली,

"मले बोलता नाही आलं. घरी तुमचे तोंडं होते खाणारे. तुले कोनं अडवलं?"

आणि फोन ठेवून दिला.

सकाळी मी क्लिनिकच्या सरांकडे गेले. सर वाईट नाहीत, नुसते भित्रे आहेत. म्हणाले, "पेशंट इज पेशंट. आपण प्रोफेशनल राहायचं." मग माझं तोंड बघून म्हणाले, "बरं, तुला ताप नको. तिथे दुसरं कुणी पाठवतो."

"त्यांना कारण काय सांगाल?"

"सांगू, वेळा जुळत नाहीत."

"वेळा जुळतात, सर. खरं कारण सांगा."

सर मोबाइल चाळायला लागले. म्हटलं, ठीक. तुमच्यानं होत नसेल तर मीच सांगते.

गेले. अक्का कोरड्या केसांनी बसलेल्या. सून लॅपटॉपशी. गीझरचा लाल दिवा आज आधीपासूनच लागलेला. मी अक्कांच्या समोर बसले आणि माझा हात टेबलावर ठेवला. तळवा वर.

"अक्का, हा माझा हात. रोज तुमचा हात मी उचलून घेते. आज तुम्ही ठेवा. उजव्यानं डावा उचलून ठेवायचा, तुम्हाला येतं ते. ठेवलात तर मूठ उघडीन, निऱ्याही शिकवीन. पण माझ्यानंतर आंघोळ नाही. आंघोळ मी यायच्या आधी करायची, पूर्वी करायचात तशी."

सून उठलीच. "अहो, त्या पेशंट आहेत. तुम्ही फार पर्सनली घेताय."

"मी अंगाला हात लावते, वहिनी. त्याहून पर्सनल काय असतं?"

अक्का माझ्या हाताकडे बघत होत्या. त्यांना निऱ्या हव्या होत्या, मला माहीत आहे. फार हव्या होत्या. त्यांचा उजवा हात हलला. त्यानं डावं मनगट धरलं, उचललं. आवळलेली मूठ टेबलाच्या कडेपर्यंत आली. माझी आशा बघा केवढी लोचट! आपण एवढं बोलून बसलो आणि तरी मनात म्हणतेय, ठेवा अक्का, ठेवा हो.

मूठ तिथे थांबली. मग खाली गेली. अक्कांनी ती मांडीवर ठेवली आणि वरून टॉवेल ओढून घेतला.

"असं काय करतेस गं," त्या म्हणाल्या, "स्वल्प मडी पाळावी लागते माणसाला." मडी म्हणजे कन्नडमध्ये सोवळं.

मी उठले. बाथरूमपाशी गेले आणि गीझरचं बटण बंद केलं. खट्‌.

"आज हात लागलेला नाही," मी म्हटलं. "पाणी कशाला तापवता?"

येते म्हणाले नाही.

आता यात काही बदललं का? काही नाही. सरांनी मला झापलं. त्या घरी आता दुसरी मुलगी जाते. तिचं आडनाव चालतं. तिलाही कारण सांगितलेलं नाही, वेळा जुळत नव्हत्या एवढंच सांगितलंय. ती चांगलं काम करते, अक्का एक दिवस साडी नेसतील. नेसोत. पण माझं डोकं अजून तडतडतं. स्कूटर चालवताना, भाकरी थापताना. तो फास लावलेला टॉवेल अक्का अजून वापरत असतील, हे आठवलं की फार तडतडतं.

तो अर्ज मी फाडून टाकला. हे काम मी निवडलंय. कुणाच्या रीतीनं माझ्या गळ्यात पडलेलं नाही, आणि कुणाच्या सोवळ्यापायी मी ते सोडणारही नाही.

फक्त एक गोष्ट बदलली. नव्या घरी गेले की उंबऱ्यातच पूर्ण नाव सांगते. आडनावासकट, मोठ्यानं, कुणी विचारायच्या आत. आतल्या खोलीतल्या माणसालाही ऐकू जाईल असं. मग त्या तोंडांकडे नीट बघते. मग विचारते, हात लावू? हो म्हणाले तर आत जाते. अच्छा म्हणाले तर तिथेच थांबते आणि सांगते, मी आंघोळ शिकवते. चांगली शिकवते. पण माझ्या हातानंतर ज्याला आंघोळ लागते, त्यानं ती दुसऱ्याकडून शिकावी.