रमलेल्या मुलांचं घर

लाँड्रीवाल्या आत्याला किळस म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. सगळं आयुष्य तिनं इस्पितळाच्या धुलाईखान्यात काढलं. रक्ताच्या, पुवाच्या, ओकाऱ्यांच्या चादरी ती उलगडायची, झटकायची आणि यंत्रात कोंबायची. दुपारी त्याच गाठोड्यांशेजारी बसून डबा खायची. नवीन बायका नाक दाबून बाहेर पळाल्या की म्हणायची, "अगं, माणसाच्याच अंगातून आलंय ना? धुतलं की गेलं."

ती निवृत्त झाली आणि त्याच वर्षी भाच्याचा फोन आला. तो बोटीवर नोकरीला, सहा-सहा महिने घराबाहेर. "आत्या, शाळेचं छत गळतंय म्हणून दुरुस्ती काढलीय. पोरं दिवसभर घरात आहेत. ही एकटी मेटाकुटीला आलीय. जाऊन राहशील का थोडे दिवस?"

आत्या पिशवी घेऊन गेली. भाचेसुनेनं दार उघडलं, हसून आत घेतलं. बैठकीच्या खोलीत खिडकीजवळचा एक कोपरा चित्रातल्यासारखा सजवलेला होता. पांढरा गालिचा, रंगीत उशा, उभ्या दांड्यांवर दिवे. बाकीच्या खोलीत खोक्यांचे ढीग आणि न घडी घातलेले कपडे. त्या ढिगांच्या मधे सोफ्यावर पोरं टीव्हीसमोर बसली होती, तोंडं उघडी टाकून. मोठी टिकली आठ वर्षांची, धाकटा भोपळ्या चारचा. आजी आली म्हणून कुणी मान वळवली नाही.

"सकाळपासून अशीच बसलीयत?" आत्यानं विचारलं.

"थोडा वेळच हो. चारला त्यांचा खेळ असतो ना."

चार वाजता दिवे लागले. भाचेसुनेनं कुलूपबंद कपाटातून रंगांच्या बाटल्या काढल्या, पोरांना धुतलेले कपडे घातले, केस विंचरले. मग मोबाइल दांडीवर चढवला आणि आवाजात साखर घोळून म्हणाली, "चला, आज आपण हातांचे ठसे उमटवूया."

पोरांनी हात रंगात बुडवले, कागदावर टेकवले आणि खदखदून हसली. हसणं थांबल्यावर ती म्हणाली, "भोपळ्या, तू खाली बघत होतास. हात धुऊन या, परत करू." दुसऱ्यांदा टिकलीचे दात दिसले नाहीत. तिसऱ्यांदा भोपळ्यानं ताईचा पापा घ्यायचा होता, तो विसरला. चौथ्यांदा सगळं जमलं. लगेच दिवे विझले, रंग कपाटात गेले. भोपळ्या बोटाला उरलेला निळा रंग भिंतीला लावायला निघाला, तर त्याच्या हातावर चापट बसली. "पसारा नको हं." पोरं पुन्हा टीव्हीसमोर जाऊन बसली.

घरात अडकलेल्या मुलांना आनंदात कसं ठेवावं, हे भाचेसून लोकांना मोबाइलवर शिकवत असे. हजारो आया ते बघत. कंपन्या जाहिरातीसाठी वस्तूंची खोकी पाठवत.

"खेळली कधी गं पोरं?" आत्यानं रात्रीच्या जेवणाला विचारलं.

"आत्ता नाही का खेळली? तुमच्यासमोर तर."

आत्यानं भाकरी मोडली. घास तोंडात फिरत राहिला. पुवाच्या चादरींशेजारी जेवणारी बाई, पण त्या झगझगीत घरात तिला अन्न गिळवेना.

असे बरेच दिवस गेले. लुटुपुटूचा तंबू उभा राहिला आणि पोरं आत शिरून बाहेर डोकावली तशी मोडला गेला. कणकेचे प्राणी झाले. शेपूट लावून होईपर्यंत कचऱ्यात गेले. "आईला मिठी" नावाचा एक प्रकार होता, तो तीनदा घ्यावा लागला. आत्या स्वयंपाकघरात भांडी आपटत राहायची.

मग भोपळ्याला ताप आला. पोट बिघडलं, चेहरा पांढराफटक पडला. आत्या त्याच्या उशाशी ओलं फडकं घेऊन बसली होती. भाचेसून आली, कपाळाला हात लावला, क्षणभर खरंच काळजीत दिसली. मग तिनं त्याला उचलून त्या गालिच्यावर नेलं.

"आजारी मुलाला कसं रमवायचं, हे फार जणी विचारतात," ती म्हणाली. "दोनच मिनिटं, आत्या. टिकली, भोपळ्याला गोष्टीचं पुस्तक दाखव."

"पोराला उभं राहवत नाहीये."

"बसूनच करायचंय."

दिवे लागले. टिकलीनं पुस्तक उघडलं. भोपळ्यानं एकदा आईकडे पाहिलं आणि भडभडून ओकला, गालिच्यावर, पुस्तकावर, ताईच्या मांडीवर. भाचेसून दचकून मागे सरली. मोबाइल तिच्या हातात होता, तो अजून वरच धरलेला होता. आणि टिकली, मांडीवर भावाची ओकारी घेऊन, मोबाइलकडे बघत सगळे दात दाखवून हसत होती.

आत्याच्या पोटात ढवळून आलं. उभ्या जन्मात आलं नव्हतं तसं.

तिनं भोपळ्याला कुशीत घेतलं, उघड्या हातानं त्याचं तोंड पुसलं, आणि तोच भरलेला हात भाचेसुनेच्या मोबाइलच्या काचेवर ठेवला. फिरवला.

"शी, आत्या! काय करताय?"

"तुला याची शी वाटली. मला त्या पोरीच्या हसण्याची वाटली. बंद कर ते."

भाचेसून रडली, चिडली, बोटीवर फोन लावला. भाचा आत्याशीही बोलला. "आत्या, तुला त्यातलं कळत नाही. तिची मेहनत आहे ती. उगाच का लोक बघतात?"

"लोकांचं मला सांगू नकोस. तुझ्या पोरीला विचार, तिला हसू कधी येतं."

त्यानं विचारलं नाही. भोपळ्या बरा होईपर्यंत आत्या राहिली. तेवढे दिवस मोबाइल दांडीवर चढला नाही, पण घरात कुणी कुणाशी धड बोललंही नाही. ती निघाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी कोपऱ्यातले दिवे पुन्हा लागले. आत्याच्या घरी तिची शेजारीण तो नवा व्हिडिओ मुद्दाम दाखवायला आली. "किती गोड हो तुमची नातवंडं, किती रमलेली." आत्यानं मान फिरवली. "ठेव तो मोबाइल. मला मळमळतंय."

सुट्टीत भाचा घरी आला आणि पोरांना आठवडाभर आत्याकडे सोडून गेला. बायकोशी त्याचं काय बोलणं झालं, ते त्यानं सांगितलं नाही, आत्यानंही खोदून विचारलं नाही. टिकली पहिला दिवस ओट्याशी नुसती उभी होती, हात लोंबकळत.

"आजी, आता काय करू?"

"मला काय विचारतेस? कर काहीतरी."

"कंटाळा आलाय."

"मग येऊ दे."

टिकली फरशीवर आडवी पडली आणि तोंड वाकडं करून छताकडे बघत राहिली. बऱ्याच वेळानं मागच्या अंगणातून आरडाओरडा ऐकू आला. आत्यानं खिडकीतून पाहिलं. बादली उपडी झाली होती, चिखलात दोघं एकमेकांचे केस ओढत होती, आणि भोपळ्याच्या मुठीत एक गांडूळ वळवळत होतं. "माझं आहे," टिकली रागानं लालबुंद होऊन ओरडत होती, "मला आधी दिसलं."

आत्यानं खिडकी लोटून घेतली आणि भाजी निवडायला बसली.