राबाखालचे सात कोळी

हौसाबाईंच्या हातात काडेपेटी होती आणि माझे सात कोळी त्यांच्या राबाखाली होते. सकाळचे साडेसात वाजले असतील. मी चढावरून धापा टाकत ओरडले, "थांबा! पेटवू नका!" बाई थांबल्या. मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि शांतपणे म्हणाल्या, "काय झालं? काय हरवलंय का तुमचं?"

हरवलं काहीच नव्हतं. आदल्या संध्याकाळी मीच ते कोळी माझ्या हाताने तिथे सोडले होते.

मी वन्यजीवांची डॉक्टर. जुन्नर-आंबेगावात नोकरीची बरीच वर्षं बिबट्यांमागे गेली. कोणी विहिरीत पडलेला, कोणी उसात आईपासून सुटलेला. बिबट्याला भुलीचं इंजेक्शन किती द्यायचं हे मी झोपेतही सांगेन. टॅरँट्युला मात्र माझ्याकडे पहिल्यांदाच आले. टॅरँट्युला म्हणजे जवळपास तळहाताएवढा केसाळ कोळी. पुण्यातल्या एका गृहस्थांनी असे सात कोळी प्लॅस्टिकच्या डब्यांत पाळले होते. झुरळं घालून वाढवले होते. विकणाऱ्याने ते पिल्लं असताना डिंभे धरणाच्या वरच्या डोंगरातून उचलून आणले होते. हे त्या गृहस्थांना उशिरा कळलं, तेव्हा ते स्वतःच डबे घेऊन आमच्या ऑफिसात हजर झाले. डबे टेबलावर ठेवताना त्यांचा हात निघत नव्हता.

"डॉक्टर, जगतील ना हे?"

"शंभर टक्के," मी म्हणाले. डॉक्टरने हे दोन शब्द कधीही उच्चारू नयेत. पण त्यांचा चेहरा बघून माझी जीभ घसरली.

मग रीतसर सगळं केलं. आधी क्वारंटाइन, म्हणजे वेगळं ठेवून काही आजार, गोचीड-किडे आहेत का ते पाहणं. जात कोणती ते जाणकाराकडून तपासून घेतलं, कारण जिथला जीव तिथेच सोडायचा हा आमचा पहिला नियम. रिलीजची परवानगी यायला मे उजाडला. आता अडचण अशी, की हे कोळी बिळात राहतात आणि डब्यात वाढलेल्याला कडक जमिनीत बीळ खणायची सवय नसते. उघड्यावर राहिला तर उन्हाने वाळून मरतो, नाहीतर पक्षी उचलतो. म्हणजे जागा मऊ मातीची हवी. आणि मे महिन्यात तिथली जमीन अशी, की पहारही परत उडते.

दिवसभर आम्ही वणवण केली. मी आणि बीट गार्ड, म्हणजे वनरक्षक, शेळके. शेळके नुकतेच लातूरकडून बदलून आलेले. संध्याकाळी रानाच्या कडेला एक सपाट तुकडा दिसला आणि मी हरखलेच. वर भुसभुशीत माती, खाली पाचोळ्याचा जाड थर. सोडल्या सोडल्या सातही जण आत गडप झाले. शेळकेंनी जीपीएस रीडिंग घेतलं, फोटो काढले.

रेंजर साहेबांचा फोन आला. "झालं का, मॅडम?"

"झालं सर. इतकी सुंदर जागा मिळाली म्हणून सांगू!"

"मॅडम, कोळी आहेत ते. फोटो काढा आणि या खाली."

मुक्कामी आल्यावर मी रेस्ट हाउसच्या स्वयंपाक्याला मोठ्या कौतुकाने ती जागा वर्णन करून सांगितली. तो पोळी लाटता लाटता थांबला. "मॅडम, तो तर राब असल. उद्या-परवा पेटवत्याल."

शेळके लातूरचे, मी सोलापूरची. दोघंही ज्वारीच्या मुलखातले. राब पुस्तकात वाचला होता, डोळ्यांनी कधी पाहिला नव्हता. भाताची रोपं वाढवायच्या जागेवर इथे शेण, फांद्या, पाचोळा, गवत असे थर रचतात, वर बारीक माती पसरतात आणि पावसाआधी सावकाश जाळतात. तणाचं बी जळतं, राखेचं खत होतं. म्हणजे मी ज्याला कोळ्यांची गादी समजले होते, ती त्यांची चिता होती. उजाडताच शेळकेंना घेऊन निघाले.

हे सगळं मी हौसाबाईंना एका दमात सांगितलं. त्या साठीच्या, नऊवारीचा काष्टा मारलेल्या, शेजारी पाण्याची कळशी. ऐकून त्यांनी काडेपेटी कमरेला खोचली.

"कोळ्यापायी आलाय व्हय एवढ्या लांब?"

"सात आहेत. माझ्या भरवशावर आहेत."

"आवो पन आज वारं पडलंय. उद्या ढग आलं अन् राब भिजला तर पेटत न्हाई. मग रोपं कुठनं आनू मी?"

शेळके मध्ये पडले, "मावशी, सरकारी काम आहे." मी त्यांना डोळ्यांनीच गप्प केलं. चूक आमची आणि रुबाबही आमचाच, हे काही बरं नव्हे. मी म्हणाले, "मावशी, चुकलं माझं. विचारायला हवं होतं तुम्हाला."

बाईंनी एकदा आभाळाकडे पाहिलं, एकदा राबाकडे. मग पदर खोचला. "चला. हातानं उलगडायचा. कुदळ लावू नका, मरत्याल."

आदल्या महिन्यात डोक्यावरून वाहून आणून रचलेला तो राब त्या बाईंनी थराथराने उकलून शेजारच्या भातखाचरात टाकला. घामाने निथळत होत्या, पण एकदाही कुरकुर नाही. कोळी दिसला की भाकरीचा रिकामा डबा अलगद त्याच्यावर पालथा घालायच्या. मी खालून पुठ्ठा सरकवायची. दुपारपर्यंत सहा सापडले. सातवा काही केल्या मिळेना.

"रिपोर्टात सात सोडले असं लिहिलंय ना," शेळके हळूच म्हणाले. "मग झालं."

मी पुन्हा पाचोळा चाळायला लागले. हौसाबाईंनी उरलेल्या कोपऱ्याकडे बोट केलं. तिथला थर एका जुन्या झाडाच्या मुळांत शिरला होता, उकलणं शक्य नव्हतं. "तेवढा तुकडा मी न्हाई जाळत. बाकीचा परत रचती अन् पेटवती."

उपकार हा शब्द मी तोवर कागदोपत्रीच वापरला होता.

मग त्यांनीच आम्हाला जुन्या पायवाटेच्या कडेचा मातीचा बांध दाखवला. "ह्ये केसाळ कोळी हितं ऱ्हात्यात. सांजच्याला बिळाच्या तोंडाशी येऊन बसत्यात. लई बघितल्यात." पहारीने त्यांनी सहा भोकं पाडून दिली. "तोंड आडवं ठिवा. वर केलं तर पानी शिरंल." संध्याकाळी सहाही जण त्या भोकांत उतरले. पलीकडे राब धुमसत होता.

आमच्या फॉर्मवर एक रकाना असतो: जागेची पाहणी केली, होय किंवा नाही. तेव्हापासून मी त्याखाली हाताने एक ओळ वाढवते: कोणाला विचारलं. साहेबांनी अजून तरी ती खोडलेली नाही.

जुलैत पुन्हा गेले. सहापैकी चार बिळांच्या तोंडाशी ताजं जाळं होतं. भाताची रोपं गर्द हिरवी, फक्त तो एक कोपरा तणाने माजलेला.

"सून रोज बोलती मला त्या कोपऱ्यावरनं," हौसाबाई हसून म्हणाल्या.

मी ओशाळून विचारलं, "सातवा दिसला का हो कधी?"

"न्हाई दिसला," त्या खुरपं चालवत म्हणाल्या. "पन जळाला न्हाई, येवढं मला ठावं हाय."