काटे झाकून घेतलेली परीक्षा

आमच्या साडूंइतका डोक्यात जाणारा सच्चा माणूस अख्ख्या सुरतेत दुसरा नसेल. आम्ही अडाजणच्या एकाच सोसायटीतले, त्यामुळे सुटका नव्हती. विजेची मोटार घेतल्यापासून ते कोणाच्याही पेट्रोल गाडीच्या बॉनेटवर तळहात ठेवत आणि मालकाला सुनावत, "ही ऊब बघा. निम्म्याहून जास्त पेट्रोल हिच्यातच गेलं, चाकांपर्यंत पोचलंच नाही." एकदा त्यांनी माझ्या बॉनेटवर पापड ठेवला. तो भाजला नाही, नुसता वाकला, तरी ते दिवसभर खूश. बरं, एक बाजू धरून भांडतील तर शपथ. कोणी त्यांच्या गाडीला बिनधुराची म्हटलं की तेच उसळत, "वीज कोळशावरही होते. आपल्या दारातला धूर दुसऱ्याच्या दारात गेला. पण एकूण कमी होतो, हे म्हणा." अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? मला भयंकर चीड येई.

शेवटी आमच्या दोघांच्या गाड्यांची, वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या हजीऱ्याला जाऊन परत यायची परीक्षा ठरली. पार्किंगमधला चार्जिंगचा पॉइंट ठेवायचा की काढायचा, हे तिच्यावर ठरणार होतं. पेट्रोलचा नाहीतर बॅटरीचा काटा बघून माणूस जपून चालवतो, म्हणून दोन्ही गाड्यांचे काटे वर्तमानपत्राने झाकायचे, हा साडूंचाच हट्ट. बॅटरी आदल्या दिवशी पार रिकामी करून त्यांनी सकाळी दहाला गाडी चार्जिंगला लावली. साडेअकराला मी खाली जाऊन बटण बंद केलं आणि संध्याकाळी ते उतरायच्या जरा आधी पुन्हा चालू केलं. चुकून झालं असेल, असं मी स्वतःला वर्षानुवर्षं सांगितलं. खोटं आहे ते. मला हरायचं नव्हतं.

परतीच्या अर्ध्या वाटेवर, ट्रकांच्या रांगेत त्यांची गाडी थांबली. टेम्पोला बांधून ती फाटकात आली तेव्हा चेअरमन म्हणाला, "काका, सेल बदली नाखो." खेळण्यातल्या गाडीचे सेल बदलून टाका म्हणावं, तसं. सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने मी. पॉइंट उखडला, साडूंनी गाडी विकली. त्या हसणाऱ्यांपैकी चौघे आज विजेच्या गाड्या मिरवतात, निर्लज्ज मेले. आणि मी त्यांच्याहून निर्लज्ज.

गेल्या रविवारी साडूंना सगळं सांगितलं. ते हाकलून देतील, या तयारीनेच गेलो होतो.

"बटण किती वाजता बंद केलंत?" त्यांनी विचारलं.

"साडेअकराला."

"म्हणजे दीडच तास." त्यांनी बोटांवर काहीतरी मांडलं. चेहरा उजळला. "साडूभाऊ, दीड तासाच्या विजेवर ती हजीरा गाठून अर्ध्या वाटेपर्यंत परत आली?"

मग मांडलेली बोटं एकेक करून मिटली.

"आणि मी तिला विकली," ते म्हणाले.