मथुराचं ऊन

मथुराच्या तोंडी लागू नये, हे वेसाव्याच्या कोळीवाड्यात सगळ्यांना ठाऊक. बोंबील सुकवण्यात तिचा हात धरणारं कोणी नाही, आणि भांडणातही नाही. नवरा धर्मा बोट घेऊन दर्यात. तो आणेल ते साफ करून बांबूच्या वलांडीवर टांगायचं, कडकडीत वाळवायचं आणि अंधेरीच्या बाजारात विकायचं, हे तिचं राज्य. तिथे धर्माचंही काही चालत नाही.

तिची भाची नेत्रा पवईला हवामानावर संशोधन करते. आकाशात खूप वर बारीक कण सोडून थोडं ऊन वरच्या वर परतवलं, तर चक्रीवादळाच्या दिवसांत आपल्या किनाऱ्याचं तापमान किती उतरेल आणि वादळाचा जोर ओसरेल का, हे ती संगणकावर मांडून बघते. किनाऱ्यावरच्या माणसांना असलं काही चालेल का, हे विचारायला ती मे महिन्यात आधी मावशीकडेच आली.

"म्हंजे वादलाचा जोर कमी होल?" मथुराने विचारलं.

"होईल कदाचित. खात्री नाही, मावशी. पण हवा गार होईल थोडी."

"गार? मग माजं बोंबील काय तुज्या संगणकात सुकवू? सूर्याला हात लावायचा नाय. सांग तुज्या सायबाला."

नेत्रा हसली आणि तिने तेच टिपून घेतलं.

आठवडा उलटला नाही तोच वादळ आलं. बाकीच्या बोटी परतल्या, धर्माची आली नाही. फोनही लागेना. वलांडीवरचे बोंबील भिजले, त्यांना वास सुटला, तरी मथुराने तिकडे ढुंकून पाहिलं नाही. एरवी थेंब पडला की ताडपत्री घेऊन धावणारी ही बाई दारात बसून राहिली. जीव टांगणीला लागला होता तिचा. शेवटी तिने नेत्राला फोन लावला.

"ता ऊन कमी करायचा म्हनलीस ना, ता कर गो. आताच कर."

"मावशी, ते नुसतं संगणकावर आहे गं," नेत्रा म्हणाली.

तिसऱ्या दिवशी धर्मा आला. इंजिन बंद पडलं होतं, दुसऱ्या बोटीने ओढून त्याला सातपाटीला नेलं होतं. तो जेवला आणि आडवा झाला. मथुरा आधी रडली, मग तिने त्याला यथेच्छ शिव्या घातल्या आणि ऊन पडलंय बघून ती सडका माल उतरवायला गेली. भेटायला आलेली नेत्राही मदतीला लागली.

"मावशी, तुझी दोन उत्तरं झाली. कुठलं धरू?"

"पयलंच धर," मथुराने हातातले बोंबील टोपलीत टाकले. "नि तुजा काका दर्यात असताना मना काय इचारू नको. तवा मी सूर्य पन देऊन टाकीन."