कोंडाजीनं सांगितलेली खुशाली

कोंडाजीला नवा माणूस दिसला की त्याचं गाव विचारल्याशिवाय चैन पडत नसे. हिंजवडीजवळच्या नेरे गावातल्या बागेच्या फाटकाशी तो खाकी शर्ट घालून, गळ्यात शिट्टी अडकवून बसायचा. आत येणाऱ्याला दोन प्रश्न ठरलेले, कुठलं गाव आणि कुणाचा तू. लातूरचा इंजिनिअर असो की बिहारचा गवंडी, सुटका कुणाचीच नव्हती. बाग होती तिथं पूर्वी त्याच्याच बापाचं भाताचं खाचर होतं. जमीन टॉवरवाल्यांना गेली, मधला तुकडा बागेसाठी सुटला आणि कोंडाजी आपल्याच खाचराचा राखणदार आणि माळी झाला. याचं त्याला फारसं वाईट वाटत नव्हतं. भातापेक्षा माणसं बरी, बोलत्यात तरी, असं म्हणायचा.

दर रविवारी चार वाजता बागेतल्या करंजाखाली दहा-बाराजण जमायचे. हिंजवडीत कामाला असलेले, काही पुण्याहून येणारे. सात रंगांच्या पट्ट्यांची चादर अंथरून बसायचे. कोंडाजीला वाटे, कंपनीनं दिली असेल. मुलाचा मुलावर जीव, मुलीचा मुलीवर, कुणी मुलगा म्हणून जन्माला येऊन बाई म्हणून जगणारं. घरी हे सांगायची सोय नव्हती म्हणून ती माणसं इथं बसत. त्यांच्यातलं कुणी गेलं तर घरचे त्यांना दहाव्याला उभं करत नसत. मग ते त्या माणसाच्या नावानं बागेत एक झाड लावत. एक बहावा आणि एक कांचन अशी दोन झाडं लागली होती. खड्डे कोंडाजीनंच खणून दिले होते. गौतमी नावाची त्यांच्यातली थोरली बाई त्याला थर्मासमधला चहा न चुकता द्यायची. त्यांचं काहीतरी निराळं आहे एवढं त्याला कळत होतं. त्याच्या पलीकडे त्यानं डोकं चालवलं नाही, आणि तिथंच घात झाला.

एका रविवारी साहिल नावाच्या मुलाबरोबर एक नवा पोरगा आला. कोंडाजीचे दोन प्रश्न झाले. पोरगा कोळवणचा निघाला, जयवंताचा सिद्धांत. जयवंत म्हणजे कोंडाजीच्या बायकोचा चुलतभाऊ. कोंडाजीला आभाळ ठेंगणं झालं. पोराचा चेहरा मात्र उतरला. बोटांत सिगारेट होती, ती त्यानं पाठीमागे लपवली.

“मामा, घरी काही सांगू नका हं,” तो म्हणाला.

“न्हाई सांगत लेका. माजं त्वांड म्हंजी कुलूप,” कोंडाजी म्हणाला. पोरगं सिगारेटचं बोलतंय, असंच त्याला वाटलं.

पुढचे सहा महिने सिद्धांत दर रविवारी यायचा. साहिलच्या मांडीवर डोकं ठेवून गाणी म्हणायचा, आणि हसायचा असा की फाटकापर्यंत ऐकू यावं.

मग कोळवणला एका लग्नाची हळद होती. जयवंत चारचौघांत म्हणाला, “दाजी, आमचं पोरगं घरात तोंडातनं सबूद काढत न्हाई.” कोंडाजीच्या पोटात काही राहत नसे, आणि ही तर चांगली बातमी होती. पाहुण्याच्या पोराची खुशाली सांगणं हा तर धर्मच.

“जयवंता, तुजं पोरगं लई खुशीत हाय बघ,” तो म्हणाला. “दर रविवारी आमच्या बागंत येतंय. साहिल म्हणून दोस्त हाय, त्याच्या मांडीवर डोकं ठिवून गानी म्हनतंय. त्याचं हसू पार फाटकापोत्तर ऐकू येतं.”

सिगारेटचं त्यानं सांगितलं नाही. शब्द म्हणजे शब्द.

मांडवातल्या माणसांनी एकमेकांकडे बघितलं, मग कुणीतरी फिदीफिदी हसलं. जयवंतची मान खाली गेली. दुसऱ्याच दिवशी त्यानं सिद्धांतला घरी आणलं, फोन काढून घेतला, नोकरी सोडायला लावली, मुलगी बघितली. तीन महिन्यांनी, एका रविवारी दुपारी, सिद्धांत कुणाला न सांगता मोटरसायकल काढून निघाला. घोटवड्याच्या पुढच्या वळणावर समोरून ट्रक आला. चारच्या आत बागेत पोचायचं म्हणून पोरगं जोरात होतं.

जयवंतनं त्याची राख नदीत सोडली नाही. हल्ली काही जण करतात तशी शेतात पुरली आणि वर आंब्याचं रोप लावलं. साहिलला तिथं कोण उभं करणार? तो कोंडाजीकडे आला. “मामा, त्या आंब्याखालची मूठभर माती आणाल? आम्हाला इथं झाड लावायचंय.”

कोंडाजी कोळवणला गेला. बांधावर बसून त्यानं रुमालात माती बांधली. ओटीवरनं जयवंत बघत होता, पण त्यानं अडवलं नाही.

रविवारी करंजाशेजारी खड्डा तयार होता, बकुळीचं रोप होतं. साहिलनं रुमाल सोडला आणि म्हणाला, “पहिली मूठ तुम्ही घाला मामा. तुम्ही त्याच्या घरचे.”

कोंडाजीचा हात पुढं होईना. खाली बसून त्यानं सगळं सांगितलं, हळदीचं, मांडवातल्या हसण्याचं. “मला वाटलं, सिगारेटचं सांगू नका म्हनतुया,” असं म्हणून तो ढसाढसा रडला.

साहिलनं रुमाल आपल्याकडे ओढून घेतला. मग म्हणाला, “तुम्ही जरा लांब उभे राहा.”

कोंडाजी फाटकापाशी जाऊन उभा राहिला. बकूळ त्याच्याशिवाय लागली. तेव्हापासून साहिल त्याच्याशी बोलत नाही. गौतमी चहा देते, पण पेला कट्ट्यावर ठेवून निघून जाते. कोंडाजीही आता कुणाला गाव विचारत नाही. सकाळी येऊन बकुळीला तेवढं दोन बादल्या पाणी घालतो.

परवा मंगळवारी दुपारी जयवंत आला. वाळून गेला होता.

“दाजी, ती माती कुटं घातली?” त्यानं विचारलं.

कोंडाजीनं बकूळ दाखवली. जयवंत तिच्याजवळ मांडी घालून बसला. पानं चाचपली. मग म्हणाला, “त्या हळदीत तुमी जे सांगितलं व्हतं, ते परत एकदा सांगा. तवा मी लोकांच्या तोंडाकडं बघत व्हतो. नीट ऐकलंच न्हाई.”

कोंडाजी त्याच्या शेजारी बसला. मग त्यानं सांगितलं. तेच शब्द, त्याच क्रमानं. खुशीत हाय बघ. दर रविवारी. मांडीवर डोकं. गानी. फाटकापोत्तर हसू. जयवंत डोळे मिटून ऐकत होता.

“आन?” तो म्हणाला.

“सिगारेट वढायचा,” कोंडाजी म्हणाला. “सांगू नका म्हनला व्हता.”

जयवंत हसला आणि हसता हसताच त्याच्या डोळ्यांना धार लागली.

“आनि काय? आजून सांगा.”

कोंडाजीनं खूप आठवून पाहिलं. त्याच्याजवळ सांगण्यासारखं आणखी काहीच नव्हतं.