भाईजानांचा उलटा पीळ

दिवसाढवळ्या तारे पाहणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. मूर्तिजापूरच्या बाजारात त्यांचं दोरांचं दुकान होतं: कासरे, दावी, विहिरीचे सोल. सगळा बाजार त्यांना भाईजान म्हणायचा. ते माझ्याहून सात वर्षांनी मोठे. मी तिथल्या शाळेत विज्ञान शिकवायचो, म्हणजे शिकवतो असं मला वाटायचं. एकदा शाळेच्या दुर्बिणीतून मी पूर्ण वर्गाला शनी दाखवला. तो पाण्याच्या टाकीवरचा दिवा निघाला. सगळं गाव हसलं. फक्त भाईजान म्हणाले, "टाकीवाला दिवा तं टाकीवाला, मास्तर. पोट्ट्यांनी मान वर तं केली!"

भाईजानांना जगात एकच गोष्ट दिसायची, ती म्हणजे पीळ. समोरून कोणी आलं की माणसाच्या आधी त्याच्या मिशीचा पीळ त्यांच्या लक्षात यायचा. शेजारच्या फुलवालीने वेणी केली की ते दुकानातूनच ओरडायचे, "बाई, आज घाईत हायस का? पीळ ढिला हाय." ती म्हणायची, "तुमी आपले दोर पाहा, भाईजान. मले तुमचा कासरा नाही विकाचा." माझ्या बुटांच्या नाड्या त्यांनी एकदा भर रस्त्यात बसून पुन्हा बांधल्या होत्या, कारण माझी गाठ पिळाच्या उलट पडलेली त्यांना बघवेना. पातूरला एका लग्नात जेवायला बसलो असताना त्यांनी ताटातल्या जिलेब्यांचे दोन ढीग केले आणि आचाऱ्याला बोलावून विचारलं, "तुह्या हाताखाली डावखुरा कोन हाय बे?" आचारी घाबरला. त्याला वाटलं, जिलेबीत काही निघालं. मागून त्याचा धाकटा भाऊ झारा डाव्या हातात धरूनच बाहेर आला. पंगतीत टाळ्या पडल्या, आणि भाईजानांनी दोन्ही ढीग निःपक्षपातीपणे संपवले.

ते दिवस वऱ्हाडात चांगले नव्हते. कापसाने दगा दिला होता, गावोगाव बैल विकले जात होते. आणि दावणीला बैलच नाही तर कासरा कशाला? त्यात नायलॉनचे दोर आले. भाईजानांच्या दुकानात दुपारी माशीसुद्धा बसेना. सकाळी पेपर उघडायचं धाडस होत नसे. ज्या पेपरात मी आठवड्याला विज्ञानावर लिहायचो, त्याचे संपादक मला म्हणाले, "सर, काहीतरी बरं द्या हो. कशातलंही चालेल, आभाळातलं द्या."

म्हणून मी आभाळातलं शोधायला लागलो. तेव्हा नुकतंच कळलं होतं की परदेशात एका मोठ्या दुर्बिणीने आकाशाचा पट्ट्यापट्ट्याने फोटो काढलाय. त्यात दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे अफाट समूह, इतक्या आहेत की शास्त्रज्ञांना त्या निवडणं शक्य नाही. म्हणून त्यांनी फोटो इंटरनेटवर टाकले आणि जगातल्या कोणाही माणसाला विचारलं: ही दीर्घिका गोल आहे, की भोवऱ्यासारखी? भोवऱ्यासारखी असेल तर घड्याळाच्या दिशेने वळलेली, की उलट? वाचताक्षणी माझ्या डोळ्यांसमोर जिलेबीचे दोन ढीग आले.

मी भाईजानांना स्टेशनजवळच्या इंटरनेट कॅफेत नेलं. तो कॅफे चालवणाऱ्या ताई एरवी अर्ज टाइप करून द्यायच्या. पडद्यावर पहिली दीर्घिका उमटली आणि भाईजानांनी चष्मा पुसला. "अल्ला! हे तं वेटोळं हाय. अन इतकं मोठं? कोनं वळलं?"

"कोणी नाही, आपोआप वळलं," मी शास्त्रीय उत्तर दिलं.

"आपोआप कासरा वळला जात असता तं माह्या बापानं हाताले घट्टे कायले पाडून घेतले असते?" असं म्हणून त्यांनी बोट पडद्यावर ठेवलं. दीर्घिकेच्या बाहेरच्या शेपटीवर ठेवलं आणि आत फिरवत नेलं.

इथे मी तोंड उघडलं. "तसं नाही, भाईजान. मधून सुरू करा आणि बाहेर या. दीर्घिकेचा उगम मध्यात असतो."

"दोर टोकाकडून धरतेत, मास्तर. मंधातून कोन धरते?"

"ही दोरी नाही."

त्यांनी बोट उचलून दीर्घिकेच्या मध्यावर ठेवलं. "बरं बावा. तुमी शिकेल हा."

त्या संकेतस्थळावर सूचनांचं एक लांबलचक पान होतं. मी ते वाचलं नाही. विज्ञानाचा मास्तर सूचना देत असतो, वाचत नसतो. त्या पानावर भाईजानांचंच म्हणणं लिहिलेलं होतं: बाहेरच्या टोकापासून आत या. आतून बाहेर आलं की उजवं ते डावं होतं.

त्यानंतर वर्षभर भाईजान रोज दुपारी कॅफेत जाऊन बसले. ताईंनी त्यांच्यासाठी खुर्चीवर उशी ठेवली. दुकानाच्या कडीला एक पाटी लटकायची: "आभाळात गेलो आहे. चारला येतो." काही वेटोळी त्यांना इतकी आवडायची की ते ताईंना हाक मारायचे, "पाह्य बाई, याले म्हंतेत पीळ!" त्यांना एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. "मास्तर, उजवे जास्त निंगतेत का डावे, ते सांगा. मंग मले समजन, वरचा कोन्या हातानं वळून राह्यला."

मी लेख लिहिला. लोकांना तो फार आवडला, त्या वर्षी लोकांना काहीही बरं आवडत होतं. मग शाळेच्या सभागृहात सत्कार ठरला. पुण्याहून खगोलशास्त्राचे एक तरुण अभ्यासक आले. पुढच्या दोन रांगांत माझा नववीचा वर्ग, मागे सगळा बाजार. पाहुणे कौतुकाने म्हणाले, "काका, थोडं करून दाखवता का?" भाईजानांनी सहा दीर्घिकांच्या पिळाची दिशा सांगितली. सहाही उलट निघाल्या.

पाहुण्यांनी हळूच विचारलं, "काका, तुम्ही सुरुवात कुठून करता?"

"मंधातून."

"अहो, नाही. बाहेरच्या टोकापासून यायचं असतं. असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

नववीचा वर्ग माझ्याकडे बघत होता. त्या वेळी मला एक शब्द बोलायचा होता, "मी." त्याऐवजी मी घसा साफ करून म्हणालो, "भाईजान तसे शिकलेले नाहीत. त्यांच्या समजण्यात काही..."

"हाव साहेब," भाईजान मध्येच म्हणाले. "माह्यंच चुकलं. मास्तरनं बराबर सांगतलं होतं."

बाजार निर्दय असतो. दुसऱ्या दिवसापासून "भाईजान, उलटा पीळ देऊ नोका बरं!" सुरू झालं. हिवरखेडचं एक वीस वर्षांपासूनचं गिऱ्हाईक कासरा उजेडात धरून तपासू लागलं, तेव्हा भाईजानही सगळ्यांबरोबर हसले. मी समोरच्या टपरीवरून पाहत होतो. पण कॅफेत ते पुन्हा कधी गेले नाहीत. ताईंनी उशी बरेच दिवस ठेवली होती.

दुकान बंद करून ते अकोल्याला मुलीकडे गेले, निवृत्त होऊन मी अमरावतीला आलो. मध्ये बरीच वर्षं गेली. आता आणखी मोठ्या दुर्बिणी अवकाशात जाऊन बसल्या आहेत आणि पूर्वी दिसतही नव्हत्या अशा दूरच्या दीर्घिकांचे फोटो पाठवताहेत. एकदा वाचलं की त्या जुन्या मोजणीत एका बाजूची वेटोळी जास्त भरली होती. मग शास्त्रज्ञांनी तेच फोटो आरशात उलटे करून दाखवले, तरी लोकांनी तीच बाजू जास्त दाबली. ओढा आकाशाला नव्हता, माणसाच्या नजरेला होता. ही बातमी घेऊन मी अकोल्याला गेलो. कबुलीच द्यायला गेलो होतो, पण रिकाम्या हाताने जायचं धैर्य नव्हतं.

ऐकून भाईजान खूश झाले. "म्हंजे वरचा दोन्ही हातानं वळते! मंग मास्तर, दोन्ही सारखेच असतीन तं आपुन सगळे उलटे दाबले तरी काय बिघडलं?"

पळवाट समोर उघडी होती. तरी कसाबसा म्हणालो, "भाईजान, मधून धरा, असं मी सांगितलं होतं."

"मले मालूम नाही का? मी तिथंच तं होतो."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"तुमचे पोट्टे समोर बसले होते. तुमाले दुसऱ्या दिवशी वर्गात जायचं होतं. मले तं दुकानातच बसायचं होतं."

हे मी पेपरात लिहितो, असं म्हणालो तर त्यांनी हात जोडले. "मी हाओ तोपर्यंत नोका लिहू. लोकं पुन्हा सत्कार करतीन." मला हायसं वाटलं, हेही इथे लिहून ठेवतो.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. त्यांच्या मुलीचा फोन आला, तेव्हापासून मी हे लिहायला बसतोय आणि उठतोय. त्या सभागृहात पुढे बसलेली माझी मुलं आता तिशी ओलांडून गेली असतील. त्यांतल्या कोणाच्या हाती हा कागद पडला तर माझं एक काम करा. चूक तुमच्या सरांची होती, भाईजान पहिल्यापासून बरोबर होते, एवढं घरी सांगा. त्या वेळी ज्या घरांत त्यांना हसले होते, तिथे आधी सांगा.